शपथेची गोळी

माझं कन्यादान काकांनी केलं. माझे वडील तेव्हा चांगले हयात होते, मांडवातच होते, आणि मे महिन्याच्या नागपुरी उन्हात बंद गळ्याचा कोट घालून एका खांबाला टेकून उभे होते. पाहुण्यांनी विचारलंच, की काहून जी, सख्खा बाप असताना भाऊ कसा बसला पाटावर? त्यावर घरातून एकच उत्तर ठरलं होतं. यांना ब्लडप्रेशर आहे, डॉक्टरांनी उपाशी राहायला सक्त मनाई केली आहे, आणि कन्यादान करणाऱ्याला तर ते पार पडेपर्यंत पोटात काही घालता येत नाही. उत्तर चोख होतं आणि साफ खोटं होतं. खरं कारण एक छोटीशी गोळी होती, आणि ती गोळी बाबांनी न चुकता घ्यावी म्हणून त्यांना बांधून ठेवणारी मीच होते.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. महाल भागातल्या एका गल्लीत आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, समोर सामाईक आंगण आणि आंगणात विहीर. बाबांना पगाराचा गर्व करण्यासारखं काही नव्हतं, पण शरीराचा होता. तरुणपणी आखाड्यात घाम गाळलेला, पन्नाशीतही छाती भरदार. सकाळी विहिरीवर उघड्या अंगानं बादल्या ओतून घ्यायचे, उन्हाळ्यात संध्याकाळी आंगणात पाणी शिंपलं की ओला पंचा खांद्यावर टाकून खाटेवर बसायचे, आणि शेजारच्या पोरांना दंड वाकवून दाखवायचे. आई म्हणायची, पुरे झालं तुमचं प्रदर्शन. पण म्हणताना तिचा चेहरा काही वेगळंच सांगायचा.

अशा माणसाला ब्लडप्रेशर निघालं, तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. रोग झाला तर दिसायला पाहिजे, दुखायला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी आधी मीठ बंद केलं आणि एक गोळी दिली. तिला आमच्या घरात सगळे लघवीची गोळी म्हणत. ती घेतली की बाबांना सारखं उठावं लागायचं. कचेरीतली मुतारी आवाराच्या पार टोकाला, आणि वरचा साहेब घड्याळ बघणारा. शिवाय पायांत गोळे यायचे, असे की खाटेवर उठून बसत. डॉक्टर म्हणाले, या गोळीनं मिठाबरोबर दुसरा एक क्षारही लघवीतून वाहून जातो, म्हणून संत्री खा, केळी खा. संत्री तेवढी आवडीनं खाल्ली. काटोलकडच्या एका सहकाऱ्यानं टोपलंभर आणून दिली होती.

गोळी मात्र त्यांनी आम्हाला न सांगता सोडून दिली. आम्हाला कळलं ते थेट सीताबर्डीच्या बाजारात. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा संपली म्हणून मला साडी घेऊन द्यायला ते बर्डीवर आले होते. एका दुकानाच्या पायरीशी येताच त्यांच्या नाकातून रक्त आलं. थेंब थेंब नव्हे, धार. पांढरा सदरा लाल झाला. ते खाली बसले आणि मला म्हणाले, काही नाही बेटा, ऊन लागलं. मी आयुष्यात एवढी घाबरले नव्हते. दुकानदारानं रिक्षा करून दिली, मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे दाब मोजणाऱ्या डॉक्टरांनी पट्टा दोनदा बांधला. त्यांना आधी यंत्र बिघडलंय असं वाटलं होतं.

तिथून घरी आल्यावर आमच्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी गोळी बदलली. ही नवी गोळी कशी काम करते ते त्यांनी मला समजावून सांगितलं, कारण मी विज्ञानाची, आणि मी विचारल्याशिवाय राहणारी नव्हते. मूत्रपिंडाच्या डोक्यावर, ते म्हणाले, टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. तिच्यातून एक रस रक्तात येतो आणि मूत्रपिंडाला हुकूम करतो, की मीठ बाहेर सोडू नको, जपून ठेव. मीठ राहिलं की त्याच्यासोबत पाणी राहतं, आणि पाणी राहिलं की रक्ताचा दाब चढतो. ही गोळी त्या रसाचा हुकूम मूत्रपिंडापर्यंत पोचूच देत नाही. मग मीठ निघून जातं, पाणी निघून जातं, दाब उतरतो. दुसरा क्षार मात्र अंगातच राहतो, त्यामुळे पायात गोळे नाहीत. तेवढी संत्री कमी करा, ते म्हणाले, आता तो क्षार जास्त व्हायला नको.

मला तर फारच आवडलं हे सगळं. मी घरी येऊन आईला, शेजारणीला, भाजीवालीलासुद्धा सांगितलं. त्या रसाचं इंग्रजी नाव मी असं फेकत होते, जणू मीच तो शोधून काढला. नागपुरात राहून संत्र्यांना मनाई म्हणून बाबा रुसले, त्यावर मी त्यांना चांगलं अर्धा तास भाषण दिलं. आई म्हणाली, झाली वाटतं आमच्या घरची डॉक्टरीण.

आणि त्याच दिवसांत कधीतरी मी ती शपथ घातली. कधी, कुठे बसून, काय शब्दांत, ते मला आजही आठवत नाही. मला सांगितलं गेलं म्हणून माहीत आहे. दवाखान्यातून आणल्यावर बाबा खाटेवर पडले होते, मी त्यांचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, की बाबा, आता ही गोळी एक दिवस जरी चुकवली ना, तर माझं मेलेलं तोंड बघाल. कॉलेजातल्या आम्ही मुली दिवसातून वीसदा शपथा घालायचो. डबा खाल्ला नाहीस तर माझी शपथ, पिक्चरला आली नाहीस तर माझी शपथ. माझ्या लेखी ते बोलणं होतं. बाबांच्या लेखी नव्हतं. माझ्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता आणि तो वर्षाचाही न होता गेला. मेलेलं तोंड म्हणजे काय ते त्यांनी पाहिलेलं होतं.

गोळी लागू पडली. दर महिन्याला मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जायची आणि दर महिन्याला दाब थोडा खाली. आई त्यांच्यासाठी अळणी वरण, अळणी भाजी वेगळी काढायची. ज्या माणसानं जन्मभर कैरीला मीठ आणि भिवापुरी तिखट लावून खाल्लं, तो निमूट ते गिळायचा. मी सगळीकडे मिरवत होते, की बघा, कसं वळणावर आणलं.

दवाखान्यात गर्दी असायची. डॉक्टर दंडाला पट्टा बांधत, सदऱ्यावरूनच छातीला नळी लावत आणि विचारत, आणखी काही त्रास? बाबा तोंड उघडायच्या आत मी म्हणायची, नाही डॉक्टर, एकदम छान आहे. एकदा का दोनदा बाबांनी खाकरल्यासारखं केलं होतं. तेव्हा मला ते खाकरणंच वाटलं.

दरम्यान घरात बारीकसारीक बदल होऊन राहिले होते आणि मी, एवढी हुशार मी, ते बघून फक्त चिडवत होते. बाबा विहिरीवर आंघोळ करेनासे झाले. न्हाणीत शिरायचे आणि कडी लावायचे. शेजारच्या पोरांना दंड दाखवणं बंद झालं. उन्हाळा लागला तरी सदरा अंगावरून उतरेना. आंगणात खाटा टाकून सगळी गल्ली उघडी झोपायची आणि आमचे बाबा गळ्यापर्यंत बटणं लावून. मी म्हणायची, बाबा, तुम्ही तर आता साहेब झाले जी. ते हसायचे. मला आता ते हसणं आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

माझं लग्न ठरलं. मुलगा अमरावतीचा, बँकेत. सासरची माणसं चांगली पण सोवळ्याची कडक. त्यांच्या गुरुजींनी आधीच सांगून टाकलं, की कन्यादानाला बसणाऱ्याच्या अंगावर शिवलेलं वस्त्र चालणार नाही, बनियनसुद्धा नाही. खाली कद, वर उपरणं, बास. आमच्याकडेही तीच रीत होती, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. बाबा तेवढे बैठकीतून उठून बाहेर गेले.

दोन दिवसांनी त्यांनी रामटेकला काकांना निरोप धाडला. काका त्यांचे धाकटे भाऊ, तिकडची धानाची शेती तेच बघायचे. काका आले, दोघं भाऊ बाहेर ओट्यावर बोलत बसले, आणि मग बाबांनी घरात येऊन सांगितलं, की कन्यादान काका-काकू करतील. डॉक्टरांनी मला उपाशी राहायची मनाई केली आहे.

डॉक्टरांनी अशी काहीही मनाई केली नव्हती. ते मला माहीत होतं, कारण प्रत्येक वेळी मी सोबत होते. म्हणजे बाबा खोटं बोलत होते. एकुलत्या एका पोरीच्या कन्यादानातून अंग काढायला खोटं बोलत होते. मी रडले, आदळआपट केली, जेवले नाही. आईकडे पाहिलं तर ती ताटं घासत बसलेली, मान वर नाही. शेवटी मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"माझ्यासाठी अर्धा दिवस उपाशी राहवत नाही तुम्हाला?"

ते सदऱ्याच्या वरच्या बटणाशी चाळा करत होते. "नाही जमत, बेटा," ते म्हणाले.

मग मी एक वाक्य बोलले. म्हटलं, बरं झालं, निदान आधी कळलं, की मी तुम्हाला किती जड झाले होते. त्यानंतर लग्नापर्यंत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांची गोळी मात्र रोज त्यांच्या समोर ठेवायची, पाण्याचा पेला आपटून. ते ती घ्यायचे.

लग्नात काका पाटावर बसले. उघडं अंग, खांद्यावर उपरणं, उन्हानं रापलेले हात. काकू झारीनं वरून धार धरून होती, ते पाणी काकांच्या ओंजळीतून माझ्या हातावर आणि माझ्या हातावरून नवऱ्याच्या ओंजळीत पडत होतं. मी मुद्दाम खांबाकडे पाहिलं. बाबा कोट घालून उभे होते. घामानं कॉलर भिजली होती, आणि कोणीतरी त्यांना गमतीत म्हणत होतं, काय जी, काश्मीरला निघाले काय? पाठवणीच्या वेळी सगळ्या मुली बापाच्या गळ्यात पडून रडतात. मी काकांच्या पाया पडले, काकूच्या गळ्यात पडले, आईला सोडवेना मला. बाबांना वाकून नमस्कार केला आणि ते पाठीवर हात ठेवतील न ठेवतील तोच मोटारीत जाऊन बसले.

सासरी सगळं बरं होतं. घरी मी पत्रं लिहिली ती आईच्या नावे. त्यात 'ती. बाबांना सा. न.' एवढं खाली एका कोपऱ्यात.

दिवाळसणाला आम्ही दोघं माहेरी आलो. नरकचतुर्दशीची पहाट, आंगणात रांगोळ्या, गल्लीत पोरांचे फटाके. आमच्याकडे रीत अशी, की घरातल्या बायांनी पुरुषांना पाटावर बसवून अंगाला तेल-उटणं लावायचं, मग ओवाळून आंघोळ. आईनं जावयाला तेल लावलं, तो बिचारा लाजून अर्धा झाला. मी बाबांना शोधलं, तर न्हाणीची आतून कडी आणि बादलीचा आवाज. रिकामा पाट तसाच पडलेला, भोवती रांगोळी. सहा महिने साठलेला माझा राग तिथेच उसळला. स्वयंपाकघरात जाऊन मी आईला म्हटलं, काय गं, आता तेल लावूनही उपास मोडतो काय यांचा? की लेकीचा हातच नको?

आईच्या हातात उटण्याची वाटी होती. ती तिनं ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे इतक्या तुच्छतेनं पाहिलं, की तसं तिनं माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"त्यांची छाती पाहिलीस तू?" ती म्हणाली. "बाईमाणसासारखी झाली आहे. सदरा घासला तरी ठणकते. गेल्या दिवाळीला तेल लावायला बसले तेव्हा मी पाहिली. मला त्यांनी कोणाजवळ बोलायची बंदी केली. अशा अंगानं तुझ्या सासरच्या चारशे माणसांसमोर पाटावर बसायचं होतं काय त्यांनी?"

मला पहिल्यांदा काही कळेना. मी विचारलं, हे कशानं? ती म्हणाली, त्या गोळीनं, आणखी कशानं. ती सुरू झाली आणि चार-सहा महिन्यांत हे सुरू झालं. मी कितीदा म्हटलं, सोडा ती मेली गोळी.

"मग का नाही सोडली?"

"तू शपथ घातली होतीस ना."

"कोणती शपथ?" मी विचारलं.

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं मला सगळं सांगितलं, खाट, डोक्यावर ठेवलेला हात, मेलेलं तोंड. बाबा तिला म्हणाले होते, की डॉक्टरांना सांगितलं तर ते ही गोळी बंद करतील, आणि पोरीनं तर याच गोळीची शपथ घातली आहे. एक पोर गेलं तेवढं पुरे. माझी लाज गेली तर जाऊ दे. आई सांगत होती आणि मी आठवायचा प्रयत्न करत होते. काही आठवत नव्हतं. ज्या वाक्यासाठी ते वर्षभर स्वतःच्या घरात चोरासारखे कडी लावून आंघोळ करत होते, ते माझ्या डोक्यातून केव्हाच पुसलं गेलं होतं.

आई म्हणाली, जा, आणि शपथ सुटली म्हण त्यांना. तू म्हटल्याशिवाय ते ऐकायचे नाहीत.

बाबा न्हाणीतून बाहेर आले तेव्हा ओल्या अंगावरच सदरा घातलेला होता आणि तो जागोजागी चिकटला होता. मला समोर पाहिलं आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप छातीवर आले. एखाद्या पोरीचे यावेत तसे. मी खाली बघत म्हटलं, बाबा, शपथ सुटली. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग म्हणाले, आईनं सांगितलं काय? मी मान हलवली. मला वाटलं ते आता बोलतील. रागावतील, निदान म्हणतील, की बघ पोरी, काय करून बसलीस. ते म्हणाले, जावईबापूंना फराळाचं दे, केव्हाचे बसून राहिले बिचारे.

भाऊबीज झाल्यावर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दाराशी बाबा मला म्हणाले, या वेळी तू बाहेर बस. मी बाकावर बसून राहिले. इतक्या वेळा त्या खोलीत मी त्यांच्या वतीनं बोलले होते, आणि आता त्यांना एक वाक्य बोलायचं होतं तर मी बाहेर असणं जरुरी होतं. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी मला आत बोलावलं. बाबा खिडकीकडे तोंड करून सदऱ्याची बटणं लावत होते.

डॉक्टर काही रागावले नाहीत. म्हणाले, या गोळीनं काही पुरुषांना असं होतं. मिठाचा हुकूम देणारा जो रस, त्याच्याच चुलत घराण्यातला पुरुषपणाचा रस असतो. ही गोळी एकाला अडवायला जाते आणि दुसऱ्यालाही अडवून बसते. पुरुषाच्या अंगात थोडा बाईपणाचा रसही असतोच, तो मग वरचढ होतो आणि छाती सुजते. घाबरण्यासारखं नाही, गोळी बंद केली की हळूहळू ओसरतं. मीठ बाहेर काढणारी आणि तो दुसरा क्षार राखणारी वेगळी गोळी मिळते, ती देतो. एवढं बोलून ते थांबले आणि म्हणाले, मला एक शब्द कळायला पाहिजे होता. मी स्वतः सदरा काढून बघायला पाहिजे होतं, चूक माझी आहे. पण मी दर वेळी विचारत होतो ना, आणखी काही त्रास म्हणून?

त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तर मी देत होते.

एवढी साधी गोष्ट होती. एका कागदावर दुसऱ्या गोळीचं नाव. माझ्या लग्नाच्या आधी कधीही ते लिहून मिळालं असतं. परतताना रिक्षात मी बाबांची माफी मागितली. ते म्हणाले, अगं, तुझी शपथ नसती तर मी हीसुद्धा गोळी नाल्यात टाकली असती, आणि मग तुझ्या लग्नात कोट घालायला तरी उरलो असतो काय? ते माझी समजूत घालायला म्हणाले. कदाचित खरंही असेल. पण मला त्यानं बरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या माणसानं माझ्यासाठी जे केलं ते मी त्याच्याकडून फसवून घेतल्यासारखं वाटतं, आणि वर त्यालाच मी म्हटलं होतं, की मी तुम्हाला जड झाले.

सूज ओसरायला बरेच महिने लागले. पुढच्या उन्हाळ्यात आईचं पत्र आलं. त्यात इकडच्या तिकडच्या गोष्टींनंतर शेवटी एक ओळ होती, की हे काल विहिरीवर आंघोळीला गेले होते. मी ते पत्र घेऊन मागच्या खोलीत गेले आणि दार लावून मनसोक्त रडले. सासूबाईंना वाटलं माहेरी कोणी गेलं.

चार-पाच वर्षांनी काकांच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं, रामटेकलाच. मी माहेरी असतानाच काका आमंत्रण घेऊन आले आणि कुंकवाची पुडी बाबांसमोर ठेवून म्हणाले, "दादा, हिचं कन्यादान तुम्ही करा. मोठीचं मी केलं, हिचं तुमचं. मले तुमच्या पोरीचं पुण्य भेटलं, ते मले पचत नाही." खरं कारण काकांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. भाऊ म्हणून जेवढं समजायचं तेवढं समजले होते.

बाबा नाही म्हणत होते. मी मध्ये पडले आणि म्हटलं, हो म्हणा. पण लगेच जीभ चावली, की पुन्हा मीच सांगतेय काय करायचं ते.

रामटेकच्या त्या मांडवात बाबा पाटावर बसले. खाली कद, खांद्यावर उपरणं, अंग उघडं. केस पांढरे झाले होते, छातीवरचेही. भरदारपणा गेला होता, वय झालं होतं, पण छाती पुरुषाची होती आणि ते ती झाकत नव्हते. शेजारी आई झारी घेऊन. गुरुजी सांगत होते तसं ते ओंजळ धरत होते आणि आईच्या झारीतलं पाणी त्यांच्या बोटांतून त्या पोरीच्या मेंदीवर पडत होतं. मी बायांच्या घोळक्यात मागे बसले होते. मला हेवा वाटला. स्वतःच्या धाकट्या चुलत बहिणीचा, भर लग्नात. लाजही वाटली, पण हेवा गेला नाही.

माझ्या पुढे दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या, आमच्याच नात्यातल्या. त्यातली एक दुसरीला म्हणाली, "पाहिलं काय वं? पोटच्या पोरीच्या वेळी म्हणे उपास सोसत नव्हता. पुतणीसाठी बरा सोसला." दुसरीनं मान डोलावली आणि म्हणाली, असतात बाई असेही बाप.

माझं तोंड उघडलं. मला ओरडून सांगायचं होतं, की असा बाप तुमच्या सात पिढ्यांत झाला नसेल. पण सांगायचं तर काय सांगायचं? छातीचं सांगायचं? जे त्यांनी दीड वर्ष झाकलं, ते मी या दोघींच्या पुढ्यात उघडं करायचं? मी तोंड मिटलं. बोलायचं तेव्हा गप्प बसवलं त्यांना, आणि आता त्यांच्यासाठी बोलायची वेळ आली तर मलाच गप्प बसणं भाग होतं.

विधी आटोपला तसे बाबा उठले. उपाशी, थकलेले, कपाळावर अक्षता चिकटलेल्या. बायांच्या घोळक्याकडे आले. म्हाताऱ्यांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं की नाही, देव जाणे. माझ्याकडे पाहून त्यांनी हलकेच मान हलवली, नाही अशी. मग म्हणाले, "बेटा, माझी गोळी?"

गोळी माझ्याच पिशवीत होती. आईनं सकाळीच माझ्याकडे दिली होती. मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. सोवळ्यात होते म्हणून पेला तोंडाला लावेनात. गोळी जिभेवर टाकून ते जरा वाकले आणि त्यांनी माझ्यासमोर ओंजळ धरली. मी तांब्या वाकडा करून वरून पाण्याची धार धरली. ते पाणी त्यांच्या ओंजळीतून, बोटांतून खाली पडत राहिलं, आणि त्यांचं पिऊन झालं तरी मी ओतत राहिले.

"पुरे, बेटा," बाबा म्हणाले.